नवरा की गिऱ्हाईक

सोमवार, ६ फेब्रुवारी

ही डायरी दवाखान्यातल्या सिस्टरनी दिली. म्हणाल्या, कामाचं काय ते तोंडी सांग, यात मनातलं लिही, ही कुणी वाचणार नाही. मी म्हटलं, माझ्या मनात फारसं काही येत नाही. त्या म्हणाल्या, मग तसं लिही.

तर तसं. आजपासून मला काम मिळालं. आमच्या घरात आणि शेजारच्या दोन घरांत कंडोम वाटायचे, ते कसे वापरायचे ते शिकवायचं, आणि बायकांना रक्त तपासायला दवाखान्यात न्यायचं. आमच्याकडे कंडोमला पाकीट म्हणतात. धंदा सोडायचा नाही, हे वरचं काम. माझीच निवड का, तर मला वाचता येतं आणि मी कुणाला घाबरत नाही असं सिस्टरना वाटतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत नाही तशी दुसरंही काही वाटत नाही. पूर्वी वाटायचं. आता गिऱ्हाईक आलं की मी छताकडे बघत बाजारातून काय आणायचंय ते आठवत बसते. मीठ, साबण, बल्ब.

घर मावशीचं आहे. गिऱ्हाईक जे देतं त्यातला अर्धा वाटा तिचा. एका मोठ्या खोलीत प्लायवूड ठोकून तिनं सहा खोल्या केल्यात. एकीत कुणी शिंकलं तर दुसरीतून "काढा घे" असा सल्ला येतो. माझ्या डाव्या हाताला लांबी राहते. ती खरंच लांब आहे, खाटेबाहेर पाय येतात. उजव्या हाताला चिमणी, तिचं तोंड दिवसभर चालू असतं. पाकिटांचा पत्र्याचा डबा बघून चिमणी म्हणाली, "आली ग आली, मास्तरीण आली." संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव झालं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

डोक्याला ताप आहे नुसता. सगळ्यांना गोळा करून सांगितलं, पाकीट दातानं फाडू नका, तेल लावू नका, तारीख बघा. तेवढ्यात लांबी म्हणाली, "मी तर दोन घालते, एकावर एक. दुप्पट सुरक्षित." चांगलं वर्ष झालं म्हणे ती असं करतेय. मी सांगितलं की दोन एकमेकांवर घासून फाटतात. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस जास्त काळजी घेऊन कमी काळजी घेत होते." सगळ्या हसल्या. मीही हसले.

शिकवून काय होणार? पाकीट कसं घालायचं ते बायकांना कळतं. पुरुष घालत नाहीत हे दुखणं आहे. म्हणतात मजा येत नाही, गरम होतं, मी काय आजारी दिसतो का. जास्त पैसे पुढे करतात. चिमणीनं काल घेतले. मी ओरडले तर म्हणाली, "मास्तरीण, तू देतेस का तेवढे? मग बस गप."

मावशीनंही नाक मुरडलं. "तुझ्या डब्यापायी गिऱ्हाईक पलीकडच्या घरात जाईल. मग पाकिटं शिजवून खा."

बुधवार, १५ फेब्रुवारी

आज गंमत झाली, लिहून ठेवते.

दुपारी चिमणीकडे एक जण आला. चांगला जाडजूड, आवाज मोठा. पाकीट नको, पाकीट नको, असं त्याचं चाललेलं मला सगळं ऐकू येत होतं. मी आपली कपडे घड्या करत होते. कंटाळून मी प्लायवूडवर थाप मारली आणि म्हटलं, "कोण ग तो एवढा हट्ट करतोय? नवरा की गिऱ्हाईक?"

चिमणी पलीकडून म्हणाली, "गिऱ्हाईक."

"मग पाकीट."

लांबी तिच्या खोलीतून म्हणाली, "पाकीट." त्याच्या पलीकडचीही म्हणाली. मग सगळ्या घरभर हसू. तो जाडा काय बोलणार? मुकाट्यानं घातलं म्हणे. जाताना मान वर करत नव्हता.

मी त्याला काही शिकवलं नाही, आजाराचं नाव घेतलं नाही. नवरा आहेस का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्याला भांडायला जागाच उरली नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

दोन दिवस घरात हेच चाललंय. कुणाकडे कुरकुर ऐकू आली की प्लायवूडवर थाप आणि "नवरा की गिऱ्हाईक?" डबा रिकामा झाला. सिस्टरकडून आणखी आणले. मावशी म्हणते, गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट भांडणं कमी झाली.

रविवार, १९ फेब्रुवारी

आज रंगारी आले होते.

ते घरं रंगवतात. रविवारी दुपारी येतात, चार वर्षं झाली. पहिल्यांदा आले तेव्हा पैसे दिले असतील, नंतर तो विषय निघाला नाही. मीच नको म्हटलं. ते येताना कधी साबण आणतात, कधी फळं. माझ्या खोलीची एक भिंत पक्की आहे, ती त्यांनी कुणाच्या तरी घरचा उरलेला रंग आणून रंगवली. आकाशी. डबा अर्ध्यावर संपला म्हणून वरचा भाग तसाच राहिला. मी त्यांना अहो म्हणते. त्यावरून चिमणी मला फार चिडवते. "आमच्या मास्तरणीचे अहो आले, सतरंजी घाला."

आज ते बसले, मी चहा केला, तेवढ्यात तिकडून थाप पडलीच. "मास्तरीण, कोण आहे ग? नवरा की गिऱ्हाईक?"

मी म्हटलं, "नवरा."

सगळ्या हसल्या. रंगारीही हसले, त्यांना खूप आवडलं ते. म्हणाले, "हे काय नवीन?" मी सांगितलं. म्हणाले, "हुशार आहेस." मला बरं वाटलं. असं स्पष्ट लिहायला हवं, कारण मला क्वचितच काही वाटतं. पाकिटांचा डबा मी पायानं खाटेखाली सरकवला. रविवारी सुट्टी.

शुक्रवार, ३ मार्च

सिस्टर खूश आहेत. बाकीच्या गल्ल्यांत माझ्यासारखी पाकिटं वाटणाऱ्या बायकांनाही त्यांनी माझं वाक्य शिकवलं. आता म्हणे सगळीकडे थापा पडतात. मला एक पिशवी बक्षीस मिळाली, खांद्याला लावायची.

सिस्टरनी मध्येच विचारलं, "आणि घरच्या माणसाबरोबर? ज्यांचं कुणी कायमचं आहे, त्या काय करतात?"

मी म्हटलं, "ते आपलेच असतात सिस्टर."

त्या म्हणाल्या, "आपले म्हणजे तपासलेले का?"

त्या शिकलेल्या आहेत पण काही गोष्टी त्यांना कळायच्या नाहीत. लांबीचा माणूस चावीवाला आहे, रस्त्याच्या कोपऱ्यावर बसून चाव्या करून देतो. तिच्या खाटेजवळ त्याचा कंगवा असतो, दाढीचं सामान असतं. परवा तो आला तेव्हा चिमणीनं थाप मारली, आणि लांबी एवढी मोठी बाई, लाजून म्हणाली, "नवरा ग बाई, नवरा." मग सगळ्यांना चहा पाजला. अशा माणसाच्या हातात पाकीट कोण देईल?

शनिवार, ११ मार्च

आज तपासणीला नेलं. सगळ्या येईनात. मग मी म्हटलं, पहिलं रक्त माझं काढा. सुई टोचलेली मला कळली पण नाही. ते बघून बाकीच्या तयार झाल्या.

रिपोर्ट लगेच मिळतात, बाकावर बसून राहायचं. एकेकीला आत बोलावून सांगतात. माझा चांगला आला. सिस्टर म्हणाल्या, "आज हे निगेटिव्ह आहे. गेल्या तीनेक महिन्यांत काही लागलं असेल तर ते यात दिसेलच असं नाही. तीन महिन्यांनी परत यायचं, आणि तोवर सगळ्यांबरोबर पाकीट." सगळ्यांबरोबर हे त्या दोनदा म्हणाल्या.

लांबी शेवटची. आत गेली, थोड्या वेळानं दारातून तोंड काढून म्हणाली, "तू ये ना जरा." मी गेले. सिस्टरनी सांगितलं होतं तेच परत सांगितलं. तपासणीत एचआयव्ही आलंय. पक्कं करायला अजून तपासण्या आहेत, पण तयारी ठेव. औषधं फुकट आहेत. रोज घेतली की आजार दबून राहतो, माणूस बाकीच्यांसारखं जगतं, इतका दबला की दुसऱ्यालाही लागत नाही. लांबी सगळं ऐकत मान हलवत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "दोन घालायचं तर मी केव्हाच सोडलं ना."

"हो."

"एकही गिऱ्हाईक सोडलं नाही पाकिटाशिवाय. दोन घालत होते तेव्हाही नाही. तू पलीकडे असतेस, तूच सांग."

"नाही सोडलंस."

मग चालता चालता थांबली. रागानं नाही बोलली, खरंच विचारत होती. "तूच विचारायचीस ना, नवरा की गिऱ्हाईक? मी खरं तेच सांगायचे."

बाकीच्या पुढे गेल्या होत्या, चिमणी हसत होती कशावर तरी.

रविवार, १२ मार्च

रंगारी आले. मी म्हटलं, पोटात दुखतंय. ते बसले, माझे पाय दाबून दिले, गेले. पोटात दुखत नव्हतं.

शुक्रवार, १७ मार्च

पक्कं झालं. लांबीला गोळ्या दिल्या, रोज एक. ती जेवते, झोपते, गिऱ्हाईक घेते, पाकीट घालायला लावते. मला वाटलं होतं ती रडेल. मी विचारलं तर म्हणाली, "रडायला जरा निवांतपणा लागतो ग."

चावीवाल्याला तिनं सांगितलं. मी पलीकडे होते, सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "धंद्यातून आणलंस आणि मलाही दिलंस." ती म्हणाली, "तपासून तर घे, गोळ्या मिळतात." तो म्हणाला, "मला काय झालंय?" कंगवा, दाढीचं सामान सगळं घेऊन गेला. लांबी दारापर्यंतसुद्धा गेली नाही.

नंतर मी तिच्याजवळ बसले. ती सांगत होती, लांबी त्याला भेटायच्या आधीच त्याची बायको वारली. ताप यायचा, खूप महिने ताप, वजन उतरत गेलं. डॉक्टरांना कळलंच नाही काय ते. तो फार रडायचा तिच्या आठवणीनं. लांबी हे नुसतं सांगत होती, जशी कुणाची तरी हकीकत सांगावी. मी ऐकत होते. मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि तिनं विषय बदलला.

मंगळवार, २१ मार्च

थाप बंद करायची असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणी विचारलं का, तर म्हटलं, जुनं झालं. लांबीचं मी कुणाला सांगितलं नाही, तिनंच चिमणीला सांगितलं, आणि चिमणीला सांगणं म्हणजे झालंच.

आज परत कुणाकडून तरी थाप आली. हात सवयीनं जातो त्यांचा. "नवरा की गिऱ्हाईक?" आणि लांबीच्या खोलीत गिऱ्हाईक होतं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक." आवाज अगदी नेहमीसारखा.

सोमवार, २७ मार्च

सगळ्यांना बसवून नवीन सांगितलं. नवरा असो, गिऱ्हाईक असो, कुणीही असो, पाकीट. किंवा दोघांनी तपासून घ्या, तीन महिन्यांनी परत तपासा, मग बघू.

चिमणी म्हणाली, "ते नाही जमायचं."

"का?"

"तूच शिकवलंस. पाकीट म्हणजे गिऱ्हाईक. आता मी माझ्या माणसाच्या हातात ते दिलं तर तो काय विचारेल? गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना पाठ झालंय ते. पूर्वी दिलं असतं तर निदान काहीतरी थाप मारली असती, डॉक्टरनं सांगितलंय, मूल नको. आता कसली थाप?"

बाकीच्या माना डोलवत होत्या. खरंच आहे तिचं. ज्या दारातून आजार येत होता ते मी बंद केलं असं मला वाटत होतं. दुसरं दार होतं, त्याला मी बाहेरून पाटी लावली, इथे पाकीट लागत नाही.

लांबी कोपऱ्यात होती. ती म्हणाली, "मास्तरीण, आधी तू दे. तू तुझ्या रंगाऱ्याला दे, मग आम्ही बघू."

चिमणी म्हणाली, "हां, हे बरोबर. तुझे अहो तर शहाणे आहेत."

मी म्हटलं, देईन. त्यात काय?

रविवार, २ एप्रिल

दिलं नाही.

उशीखाली एक ठेवलं होतं. ते आले, हात धुतले, नखांतला रंग निघत नाही त्यांच्या. आम्ही बोललो. मी मनात वाक्यं जुळवत होते. सिस्टर म्हणतात, आधी स्वतःबद्दल सांगायचं, मग त्याच्याबद्दल विचारायचं. मी दुसऱ्यांना किती वेळा शिकवलंय हे. हात उशीखाली गेला सुद्धा. तेवढ्यात ते वर बघून म्हणाले, "भिंतीचा वरचा भाग राहिलाय ना, पुढच्या कामात आकाशी आहे. आणतो उरलेला. सगळी पुरी करून टाकू."

मी हात बाहेर काढला.

लिहायचं तर खरं लिहायचं. बाकी सगळ्यांबरोबर मी छताकडे बघते. यांच्याबरोबर बघत नाही. आठवड्यातून एकदा मी कामावर नसते. ते पाकीट आलं की मी कामावर असेन. सिस्टरना हे कुठल्या तोंडानं सांगू? आणि त्या काय म्हणतील ते मला माहीत आहे. त्या बरोबर म्हणतील.

आता जुलैत परत तपासावं लागेल, जून धरून चालणार नाही. आजच्यामुळे.

मंगळवार, ४ एप्रिल

चिमणीनं विचारलं, "दिलंस?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही. घातलं."

ती म्हणाली, "बघ, शहाणे आहेत म्हटलं नव्हतं?" लांबी नुसती माझ्याकडे बघत होती. तिच्या आणि माझ्या मध्ये एक प्लायवूड आहे. तिला माहीत असणार.

गुरुवार, ६ एप्रिल

चिमणीचा गाल सुजलाय. तिनं तिच्या माणसाला पाकीट दिलं. तो म्हणाला, "मी कोण?" आणि मारली. ती म्हणाली, "मास्तरणीच्या माणसानं ऐकलं, तो काय कमी आहे का तुझ्यापेक्षा?" आणखी एक मारली आणि निघून गेला.

मी फडकं ओलं करून तिच्या गालाला लावलं. ती बडबडत होती नेहमीसारखी. मला मात्र आज वाईट वाटलं. खूप. बसवेना मला तिच्यासमोर. माझं खोटं ऐकून तिनं मार खाल्ला आणि मी तिच्या गालावर फडकं धरून बसले होते.

शनिवार, ८ एप्रिल

चिमणीचा माणूस आज परत आला. तोंड वाकडं करून का होईना, ऐकलं त्यानं. सोमवारी तपासायलाही येतो म्हणाला. चिमणी घरभर सांगत फिरतेय. मला म्हणाली, "तुझ्यामुळे ग."

मी तिला खरं सांगणार होते. मग ठरवलं, आधी खरं करते आणि मग सांगते.

रविवार, ९ एप्रिल

रंगारी दुपारी आले. आकाशी रंगाचा डबा आणला नव्हता, ते काम अजून चालू आहे म्हणाले. मी चहा केला नाही. केला असता तर पुन्हा राहून गेलं असतं.

पाकीट उशीखाली ठेवलं नाही, सरळ स्टुलावर ठेवलं, त्यांच्या समोर.

ते म्हणाले, "हे काय?"

"पाकीट."

"ते दिसतंय. कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. आपल्यासाठी." मग सगळं बोलून टाकलं. लांबीचं नाव न घेता सांगितलं की एकीला लागलंय आणि तिनं गिऱ्हाईकांबरोबर कधी चूक केली नव्हती. माझं मार्चचं तपासणं चांगलं आलंय पण परत करायचंय. म्हटलं, "तुम्हीही चला ना सिस्टरकडे. चांगल्या आहेत त्या, कुणाला सांगत नाहीत. दोघांचं चांगलं आलं, परत एकदा चांगलं आलं, की हे ठेवून देऊ."

"मला काय झालंय?"

"काही झालं असं मी म्हणत नाही."

"धंदा तू करतेस. मी करतो का?"

हे खरं होतं. ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघत होते. मग म्हणाले, "तुझं ते वाक्य काय होतं? नवरा की काय?"

मी स्टुलाकडे बघितलं.

"सांग ना. मी कोण?"

पलीकडून आवाज नव्हता. चिमणी घरात होती, लांबी घरात होती. सगळं घर ऐकत होतं हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "तुम्ही कुणीही असा. त्याशिवाय नाही."

मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर उठून जातील. मारणाऱ्यांतले ते नाहीत. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "बरं." आणि वापरलं. नीट वापरलं, हवा काढून, सगळं बरोबर. मी शिकवलं नव्हतं. मी छताकडे बघत होते. मीठ आहे. साबण आणायचाय.

नंतर त्यांनी कपडे घातले, केस विंचरले. शर्टाच्या खिशातून पैसे काढून स्टुलावर ठेवले, जिथे पाकीट होतं तिथेच. रागात नव्हते. चार वर्षं ते जाताना "येतो" म्हणायचे. आज काही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. पडदा सारून गेले.

मी पैशांना हात लावला नाही. पलीकडून लांबीनं हळूच प्लायवूडवर बोटं वाजवली, एकदाच. मीही वाजवली. चिमणीला हाक मारली, तिला सांगितलं की गेल्या वेळचं खोटं होतं, हे खरं आहे. ती म्हणाली, "ऐकलं ग मी. आज सगळं ऐकलं." माझ्याजवळ येऊन बसली आणि पहिल्यांदाच काही बडबडली नाही.

संध्याकाळी मावशीचा वाटा द्यायला उठले. पैसे घेतले असतील तर वाटा द्यायचाच, तसा नियम आहे. अर्धे करायला घेतले आणि बघते तर बरोबर भाव होता. जास्त नाही, कमी नाही. जुना भाव नाही, नवा. गेल्या महिन्यातच आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून भाव वाढवला. मी त्यांच्याशी भावाचं कधी बोलले नव्हते. कशाला बोलेन?

मावशीला वाटा दिला. ती म्हणाली, "दुपारी तर तुझा रंगारी आला होता. हे कुणाचे?"

"त्यांचेच."

तिनं नोटा बघितल्या. मी विचारलं, "मावशी, नवा भाव तुम्ही सांगितलात का त्यांना?"

"मी कशाला सांगू? तुझ्या माणसाशी मी कधी भावाचं बोलले नाही." मग थांबून म्हणाली, "भाव काय पाटीवर लिहिलेला असतो का? दारात येऊन जो विचारतो त्यालाच सांगतात. कुठल्याही घरात."

मी तिथेच उभी होते. ती पैसे पेटीत टाकायचं विसरून माझ्याकडे बघत होती.

"मग त्याला कसा माहीत?" मी म्हटलं.

मावशीनं नोटा पेटीत टाकल्या. म्हणाली, "पाकीट वापरलंस ना?"

"हो."

"मग जेवून घे."

मी जेवून घेतलं.